चौदा खणांचा गोळ्यांचा डबा: पाचपैकी साडेतीन तारे

हा डबा बीपी-शुगरवाल्या वयस्कर मंडळींसाठी म्हणून विकतात. खोक्यावरच्या फोटोत पांढऱ्या केसांचे आजोबा हसतहसत गोळी घेतायत. मी 41 वर्षांची आहे, कराडात एका पतसंस्थेत कॅश सांभाळते आणि मला फिटचा त्रास आहे. तेव्हा हा अभिप्राय मुख्यतः फिटच्या गोळ्या नव्यानं सुरू झालेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. बाकीच्यांनी तारे बघून पुढं गेलं तरी चालेल.

आधी वस्तू. एक ट्रे, त्यात सात सुट्या डब्या, एका दिवसाची एक. प्रत्येक डबीत दोन खण, एकाच्या झाकणावर सूर्य, दुसऱ्याच्या झाकणावर चंद्र. प्लास्टिक दुधी आहे, आत गोळी आहे एवढं बाहेरून दिसतं. झाकण नीट बसलं की टक् असा आवाज येतो. आवाज आला नाही तर परत दाबायचं. किंमत दीडशेच्या आसपास. सुरुवातीला प्लास्टिकचा उग्र वास येतो. साबणाच्या पाण्यात रात्रभर बुडवून, पूर्ण कोरडा करून मगच वापरायला घ्या. कोरडा म्हणजे अगदी कोरडा. ते का, पुढं सांगते.

चाळिशीत फिट कशी काय, हे मला सगळ्यांनी विचारून झालंय, म्हणून थोडक्यात. दुपारच्या वेळी काउंटरवर नोटा मोजत होते. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. मग मनगट, मग कोपर. डाव्या हातानं तो हात दाबून धरला एवढं आठवतं, पुढचं नाही. शुद्धीवर आले तेव्हा मुठीत तिजोरीच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि कुणीतरी कांदा आणायला पळालं होतं. खरं काम आमच्या शिपायानं केलं. त्यानं मला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःचा स्वेटर घातला आणि तोंडात काही घालू दिलं नाही. त्याच्या गावातल्या एका मुलाला त्रास आहे, म्हणून त्याला माहीत होतं.

एमआरआयमध्ये मेंदूत डाग निघाला, कडेनं अंगठीसारखं कडं असलेला. फीतकृमीची अळी. हे ऐकल्यावर आमच्या घरात जो गोंधळ उडाला तो काय सांगावा! सासूबाई माळकरी, पंढरीची वारी करणाऱ्या, घरात अंडंसुद्धा येत नाही. त्यांना मी आत्या म्हणते. आत्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी पतसंस्थेतून येताना रोज डुकराचं खाऊन येत होते. डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून समजावलं. डुकराचं कच्चं-अर्धकच्चं मांस खाल्लं तर पोटात फीतकृमी होतो. पण मेंदूपर्यंत जो प्रकार जातो तो त्या कृमीच्या अंड्यांमुळं, आणि ती अंडी ज्याच्या पोटात कृमी आहे अशा माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. घाण पाणी, न धुतलेली कोथिंबीर, कोबी, न धुतलेले हात, कशातूनही ती शाकाहारी माणसाच्या पोटात जातात. आपल्या देशात मोठ्या वयात फिट सुरू होण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. तेव्हापासून आमच्या घरात कोथिंबीर तीन पाण्यांनी धुतात आणि पानकोबीचं पान न् पान सुटं होतं. बाजारात भाजीवालीशी आत्यांचं जे बोलणं होतं ते मी इथं लिहीत नाही.

जंताचं औषध आणि सोबत सूज उतरवायचं स्टेरॉइड, हे थोड्या दिवसांचं काम होतं. ते झालं. पण डाग विरघळला नाही, चुन्यासारखा कडक होऊन तिथंच बसला. असा डाग राहिला की फिट परत येण्याची शक्यता राहते, म्हणून गोळ्या चालू. लेव्हेटिरॅसिटॅम 500, सकाळी एक, रात्री एक. रात्री सोबत क्लोबाझामची एक बारीक गोळी. बंद कधी, हे डॉक्टर ठरवणार, आणि ते वर्षांत बोलतात.

आता डब्याकडं येते.

लेव्हेटिरॅसिटॅम पोटात गेल्यावर सहा ते आठ तासांत अंगातलं निम्मं औषध निघून जातं. म्हणून ती दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. मी आठ-आठला घेते. आठवण राहात नाही म्हणून डबा घ्या, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. आठवण मोबाइलचा गजर करून देतो, त्याला पैसे पडत नाहीत. अडचण गजर बंद केल्यानंतर सुरू होते. गजर वाजला, बंद केला, तेवढ्यात दूध उतू गेलं, लेकीनं शाळेचा डबा मागितला, दारात कुरिअरवाला आला. नऊ वाजता पोळ्या लाटताना मनात येतं, घेतली का? रोज तीच पांढरी लांबट गोळी, त्याच पेल्यातलं पाणी, तोच ओटा. कालचं गिळणं आणि आजचं गिळणं यात डोक्याला फरकच कळत नाही. पाकीट बघून समजत नाही, त्यातल्या रिकाम्या जागा कुणी मोजल्यात? परत घेतली तर दिवसभर झापड आणि चक्कर. नाही घेतली तर फिटला आमंत्रण. फिट परत येण्याची जी कारणं डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, त्यात चुकलेली गोळी आणि अपुरी झोप सगळ्यात वर असतात.

डबा या एकाच प्रश्नाचं उत्तर देतो. मंगळवारचा सूर्य रिकामा, म्हणजे घेतली. विषय संपला. साडेतीनपैकी तीन तारे याचेच आहेत.

आणि हे उत्तर फक्त मला मिळत नाही, घरातल्या सगळ्यांना मिळतं. मोठ्या वयात असा आजार निघाला की माणूस एका रात्रीत लहान मूल होतं. स्कूटीची किल्ली गेली. ते बरोबरच आहे म्हणा, लायसन्सच्या फॉर्म 1 मध्येच विचारलेलं असतं की अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, तिथं खोटं लिहून मी कुणाच्या अंगावर गाडी घालणार नाही. न्हाणीघराची कडी गेली. गॅसच्या पुढच्या शेगडीवर तळण बंद, मागच्या शेगडीवर करायचं. कृष्णेच्या घाटावर एकटं उतरायचं नाही. हे सगळं मी मान्य केलं. पण "गोळी घेतलीस का?" या प्रश्नानं मात्र मी पार विटले. सकाळी हे विचारायचे. मग आत्या. मग ऑफिसात पोचल्यावर परत ह्यांचा फोन. संध्याकाळी आई, साताऱ्याहून. एकदा तर लेकीनं शाळेच्या व्हॅनमधून उतरून, परत आत येऊन विचारलं.

त्यात या गोळीनं चिडचिड होते. हा तिचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, डॉक्टरांना सांगावा, मनानं गोळी बंद करू नये. तर चिडचिड करणारी गोळी घेतलीस का, असं चिडलेल्या बाईला दिवसातून पाच वेळा विचारायचं. आमच्याकडं भांडी आपटल्याचे आवाज शेजारपर्यंत जात होते.

डबा आल्यावर ह्यांना सांगितलं, "मला विचारायचं नाही. डबा बघायचा." पहिले काही दिवस ते डबा बघायचे आणि वर मलाही विचारायचे. मग हळूहळू सवय लागली. आता साडेआठला येतात, तिकडं नजर टाकतात, पेपर उघडतात. मी त्यांना बघताना बघते, पण बोलत नाही. घरात एवढी शांतता दीडशे रुपयांत मिळत असेल तर घ्यावी.

भरायचं काम आत्यांनी आपणहून घेतलं. रविवारी हरिपाठ झाला की चष्मा लावून सातही डब्या पुढ्यात उघड्या मांडतात. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही आणि झाकणांवर वार छापलेत ते इंग्रजी आद्याक्षरांत. शनिवार-रविवारला एकच अक्षर, मंगळवार-गुरुवारला एकच अक्षर. ज्याला इंग्रजी येतं तोही बुचकळ्यात पडेल. सूर्य-चंद्र होते म्हणून निभावलं. सूर्यात एक, चंद्रात दोन, असं पुटपुटत भरतात. शेवटी मी एकदा झाकणं दाबून बघते. वारांसाठी मी नेलपॉलिशनं सो, मं, बु असं लिहिलंय. मार्करनं लिहिलेलं आठवड्यात पुसलं जातं, नेलपॉलिश टिकतं. विकणाऱ्यांनो, महाराष्ट्रात विकता, एवढं देवनागरी छापायला काय जातंय? अर्धा तारा इथं कापला.

एकादशीला मात्र आत्यांना कोडं पडलं होतं. निर्जळी उपास, मग गोळी? त्यांनीच त्यांच्या दिंडीतल्या बुवांना विचारलं. औषधानं उपास मोडत नाही, असं बुवांनी सांगितलं आणि एकादशीच्या खणात गोळी पडली. मी तसाही उपास धरत नाही आता. डॉक्टरांनी उपाशी राहू नको, जागू नको, असं बजावलंय.

तक्रारी आहेत. क्लोबाझामची गोळी एवढी बारीक की खणाच्या कोपऱ्यात जाऊन बसते. डबी उलटी केली तर मोठी गोळी हातात येते आणि ही आत चिकटून राहते. खण पूर्ण उताणा करून मागून टिचकी मारायची, मगच झाकण लावायचं. खणाचा तळ गोल केला असता तर हे झालं नसतं. मोठ्या गोळ्या एका खणात तीनच मावतात, फार तर चार. ज्यांना दोन-तीन प्रकारची औषधं आहेत त्यांनी आकार बघून घ्या. बिजागरी म्हणजे प्लास्टिकचीच पातळ घडी. रोज उघडझाप करून गुरुवारच्या चंद्राची तुटली, आता ते झाकण नुसतं वर ठेवल्यासारखं बसतं. सगळ्या वारांची झाकणं सारखीच उघडतात, मग गुरुवारचीच का तुटावी हे दत्तगुरूंनाच माहीत.

पर्समध्ये सुटी डबी न्यायची सोय चांगली, पण कुलूप असं काही नाही. पर्समध्ये ती उघडली आणि गोळी पिन, बिलं, सुपारी यांच्यात हरवली, असं होऊ शकतं. मी रबर लावते. आणि घरात लहान मूल असेल तर फार जपा. झाकण तीन वर्षांच्या पोराला सहज उघडतं, आणि आतली एक गोळी झोप आणणारी आहे. डबा नजरेसमोर हवा आणि पोरांच्या हाताबाहेरही हवा, हे दोन्ही जमवणं अवघड. आमच्याकडं तो देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आहे. आत्यांची जागा. सकाळ-संध्याकाळ तिकडं सगळ्यांची नजर जातेच, आणि नणंदेचा धाकटा तिथं पोचत नाही. फ्रिजवर ठेवू नका, तिथं उष्णता असते. न्हाणीघरात आणि शेगडीशेजारी तर नाहीच.

आता ओलाव्याचं, ते नीट वाचा. सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून डब्यात टाकायच्या नसतात. फिटचंच दुसरं औषध, सोडियम व्हॅल्प्रोएट, हवेतला ओलावा ओढून घेतं, गोळी चिकट होते, फुटते. ती पाकिटातच ठेवायची, घ्यायच्या वेळीच काढायची. कार्बामाझेपीन, हीही फिटचीच गोळी, तिला ओल लागली की गोळी कडक होते आणि तिचा गुण कमी होतो. आपल्याकडच्या जून-जुलैत तर मीठसुद्धा बरणीत ओलं होतं, गोळीचं काय घेऊन बसलात. ज्यांना या गोळ्या आहेत त्यांनी कात्रीनं पाकिटाचे एकेका गोळीचे तुकडे करून ते खणात टाकावेत, गोळी कागदासकट. मात्र त्याला मोठ्या खणांचा डबा लागेल, हा पुरणार नाही. आपली गोळी कोणती ते डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्याला विचारून मगच डबा भरा. माझ्या गोळ्यांचं मी विचारून घेतलंय. तरी पावसाळ्यात एका वेळी आठवड्यापेक्षा जास्त भरत नाही.

डब्याचा एक फायदा मला आधी लक्षात आला नव्हता. दर रविवारी भरताना पाकिटं किती उरलीत ते कळतं. पूर्वी शेवटची गोळी संपली की आठवायचं, आणि ते नेमकं सुट्टीच्या दिवशी. एका दुकानात मला उत्तर मिळालं, "ती कंपनी नाही, ही घ्या, सेमच आहे." बीपीच्या गोळीला चालत असेल. फिटच्या गोळीची कंपनी डॉक्टरांना न विचारता बदलू नये, असं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी ती घेतली नाही. आता पंधरा दिवसांचा साठा हाताशी ठेवते. क्लोबाझाम तर चिठ्ठीशिवाय मिळतच नाही, त्यामुळं चिठ्ठीची तारीखही डब्याबरोबरच बघायची.

दुसरी गोष्ट उलट आहे. डब्यात टाकलेल्या गोळीला नाव उरत नाही. रस्त्यात काही झालं, दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांच्या हातात दोन पांढऱ्या गोळ्या. त्यातून काय कळणार? म्हणून ट्रेच्या खाली आणि पर्समधल्या डबीला एक चिठ्ठी चिकटवलीय: माझं नाव, औषधांची नावं आणि मात्रा, रक्तगट, ह्यांचा नंबर. खाली दोन ओळी: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108 ला फोन. किल्ल्या-कांदा-चपलेबद्दल लिहायला जागा उरली नाही.

ऑफिसात डबी टेबलावर दिसली तर काय, याची मला धास्ती होती. काही झालं नाही. नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, बीपी का?" मी "हं" म्हटलं. बीपी-शुगरला आपल्याकडं केवढा मान आहे! त्यावर लगेच तिच्या वडलांची शुगर, काकांची बायपास, सगळं निघालं. फिट म्हटलं असतं तर खुर्ची चार बोटं मागं गेली असती. जुन्या लोकांना तर माहीतच आहे. सांगायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते शेजारच्या टेबलवरच्या एका माणसाला तरी सांगून ठेवावं, कुशीवर वळवायला कुणीतरी लागतंच.

नातेवाइकांचं वेगळं. पुतणीच्या लग्नात जागरण-गोंधळ होता. आठला डबीतली गोळी घेतली आणि अकराला मी झोपायला उठले, संबळ ऐन रंगात आला असताना. गोंधळाला घरची सून झोपते म्हणजे काय! एका लांबच्या जावेनं आत्यांना बाजूला घेऊन विचारलंच, "हिला लग्नाआधीपासूनच होतं का हे?" आत्या म्हणाल्या, "नाही गं, भाजीतनं आलंय. तूही धुऊन खात जा." पुढं कुणी बोललं नाही. तसंही फेफरं येतं म्हणून लग्न मोडता येण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्यातून 1999 सालीच काढून टाकलीय. पण तिला कायदा सांगण्यापेक्षा भाजीचं बरं लागलं.

तर घ्यावा का? दोन वेळच्या, लहान-मध्यम आकाराच्या आणि ओलाव्याला न घाबरणाऱ्या गोळ्या असतील तर घ्या. दिवसातून तीनदा गोळ्या असतील तर एकवीस खणांचा मिळतो, तो बघा. गजर वाजवणारे, लाल दिवा लागणारे महाग डबेही आहेत. मोबाइल असताना त्यांच्या वाटेला जायचं कारण मला दिसत नाही. रंग निवडायला मिळाला तर गडद निळा किंवा काळा घेऊ नका, चांगला दिसतो पण आतलं दिसत नाही. झाकण न उघडता, लांबून, चष्म्याशिवाय खण भरलेला की रिकामा ते कळलं पाहिजे. बिजागरी तुटल्यावर सुटी डबी बदलून मिळते का, ते विकणाऱ्याला विचारलंय. अजून उत्तर नाही. आलं तर आणखी अर्धा तारा देईन.